अकरा महिन्यांचं शहर

भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचाच का, असं मुंबईत किंवा पुण्यात कुणालाही विचारा. ‘तसाच असतो’ एवढंच उत्तर मिळेल. खरं कारण नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो; नोंदणी म्हटली की खर्च आला, खेपा आल्या, म्हणून देशभर लोक बाराव्या महिन्याच्या अलीकडे थांबायला शिकले. गंमत अशी की महाराष्ट्रात हे कारण २००० सालीच संपलं. इथल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. जबाबदारी मालकाची. त्याने नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं मानून पुढे जायचं. एवढं असूनही अकरा महिने काही सुटले नाहीत. त्यांच्यामागे आता कायदा नाही, मालकाच्या मनातली धास्ती आहे.

ती धास्ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय मुंबईतल्या घरबाजाराचं काहीच नीट कळत नाही. मालक म्हणतो भाडेकरू घर बळकावतो, भाडेकरू म्हणतो मालक अनामत बुडवतो, घर विकणारा म्हणतो गिऱ्हाईक येतं आणि कागद बघून परत जातं. तिघेही खरं बोलतात. पण या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं माझं मत आहे. गेल्या शंभर वर्षांत या शहराने जो आधी आत शिरला त्याला घट्ट संरक्षण दिलं आणि त्याचा खर्च नंतर येणाऱ्याच्या नावावर टाकला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांची आवक वाढत होती आणि घरं अपुरी पडत होती. १९१८ मध्ये सरकारने युद्धकाळापुरता म्हणून भाड्यांना लगाम घालणारा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धाने तीच वेळ पुन्हा आणली आणि १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. सप्टेंबर १९४० मध्ये जे भाडं होतं तेच ‘प्रमाण भाडं’ ठरलं. हाही कायदा तात्पुरताच होता. मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवून देई, आणि ही वाढ पन्नास वर्षं चालली. गिरगाव, दादर, लालबाग, भायखळा इथल्या चाळींमधल्या खोल्यांची भाडी गोठली, पण विटा, तुळया आणि जिने काही गोठले नाहीत.

ज्या इमारतीतून महिन्याला दोन-तीनशे रुपये जमतात तिच्या गळक्या छपरावर मालक कशाला खर्च करेल? त्याने डागडुजी सोडली. भाडेकरूने पोटमाळा काढला, मोरी फरशीची करून घेतली आणि खोली आपलीच समजू लागला. खोली सोडायची वेळ आली तर तिचा ‘हक्क’ विकायची रीत पडली. तीच पागडी. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणं गुन्हा ठरवलं होतं, आणि अख्खी दक्षिण मुंबई त्या गुन्ह्यावर चालत होती. नवा माणूस जुन्या भाडेकरूला रक्कम मोजायचा, त्यातला तृतीयांशाच्या आसपास हिस्सा मालकाकडे जायचा आणि मालक भाडेपावती नव्या नावाने फाडायचा. १९९९ च्या कायद्याने कलम ५६ मध्ये या व्यवहाराला शेवटी अधिकृत मान्यता दिली.

इमारती पडू लागल्या तेव्हा, १९६९ मध्ये, सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि बेट शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा मुंबईचा खास शब्दप्रयोग तेव्हाचा. पुढे हे काम म्हाडाकडे आलं. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक प्रकरण घालण्यात आलं: ७० टक्के रहिवाशांनी मिळून संस्था केली तर सरकारने इमारत ताब्यात घेऊन त्यांना द्यायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला. मासिक भाडं म्हणजे तेच, १९४० चं. ज्या इमारतीचं महिन्याचं एकूण भाडं एक हजार, तिची किंमत एक लाख. आणि जागा ग्रँट रोडला! मालकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. तो वाद पीठामागून पीठं चढत नऊ न्यायमूर्तींपर्यंत पोचला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल लागला की प्रत्येक खासगी मालमत्तेला सरसकट ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ म्हणता येणार नाही. राज्यघटनेच्या अभ्यासकांनी या निकालावर भरभरून लिहिलं. पण खटला मुळात मुंबईतल्या जिन्यांचा, तुळयांचा आणि भाडेपावत्यांचा होता, हे त्या चर्चेत जवळजवळ हरवूनच गेलं.

त्याआधी १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं स्पष्ट सांगितलं होतं. कायद्याची मुदत तशीही संपत आली होती म्हणून तो रद्द तेवढा केला नाही. त्यातून १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. हिशेब करून पाहा. २००० साली शंभर रुपये भाडं असलेली खोली चक्रवाढ धरूनसुद्धा २०२५ मध्ये दोनशे सदुसष्ट रुपयांवर येते. त्या पैशांत त्याच गल्लीतल्या हॉटेलात दोघांचं जेवण होत नाही. त्याच कायद्याने बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेतलं. हे योग्यच झालं. फोर्टमधल्या मोठ्या कचेरीने चाळीतल्या विधवेच्या दराने भाडं द्यावं, याचं समर्थन कोणत्याच बाजूने करता येत नव्हतं.

पण विधवेची खोली आणि त्याच चाळीतली, दुसरीकडे दोन फ्लॅट घेऊन कुलूप लावून निघून गेलेल्या जुन्या भाडेकरूची खोली, या दोन्हींना कायदा आजही जवळपास एकाच मापाने मोजतो. उत्पन्न किती, दुसरं घर आहे का, हे भाडं ठरवताना पाहिलं जात नाही. संरक्षण माणसाच्या गरजेला मिळालेलं नाही, त्याच्या आजोबांनी कोणत्या साली पावती फाडून घेतली त्याला मिळालेलं आहे.

मालक-भाडेकरू संबंधांतला कडवटपणा पाहायचा तर गिरगावातल्या जुन्या भाडेकरूच्या घरातली पत्र्याची पेटी उघडावी. त्यात भाडेपावत्यांची पुडकी असतात आणि त्यांच्याखाली परत आलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या. मालकाला भाडेकरू ‘थकबाकीदार’ करायचा असतो, म्हणून तो भाडं घेत नाही. भाडेकरूला तो डाव ठाऊक असतो, म्हणून तो दर महिन्याला मनिऑर्डर करतो. मालक ती घेत नाही आणि ती ‘स्वीकारण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा घेऊन परत येते. आणि तो शेरा भाडेकरू जपून ठेवतो, कारण धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात तोच त्याचा पुरावा. असे दावे बापाने लावले आणि नातवाने निकाल ऐकला, हे मुंबईत कुणाला नवल वाटत नाही. मालकाला स्वतःला राहायला खरोखर घर हवं असलं तरी ते ‘वाजवी व प्रामाणिक गरज’ म्हणून सिद्ध करावं लागतं, आणि मग हाल कुणाचे जास्त होतील याची तुलना होते. दरम्यान इमारत वाट पाहत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती धोकादायक असल्याचं आधीच माहीत होतं. तरी माणसं राहत होती, कारण संक्रमण शिबिरात गेलं की परत येता येत नाही हा अनुभव प्रत्येक गल्लीने घेतला आहे.

मालकाच्या धास्तीचं आणखी एक कारण १९७३ सालात दडलेलं आहे. भाडेकरू ठेवला तर निघत नाही, म्हणून मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट शोधली होती: भाडेपट्टा द्यायचा नाही, फक्त राहण्याची परवानगी द्यायची. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेले सगळे लोक त्या तारखेपासून संरक्षित भाडेकरू झाले. एका तारखेने हजारो घरं मालकांच्या हातून गेली. त्या पिढीतल्या मालकांनी मुलांना काय शिकवलं असेल ते सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने हा आकडा देशातल्या शहरांत सर्वाधिक असल्याचं नोंदवलं. याच पाहणीप्रमाणे भारतातल्या शहरांमध्ये भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं. सगळी रिकामी घरं धास्तीपायी रिकामी नाहीत. काही गुंतवणुकीची आहेत, काही विरारच्या पलीकडे पाण्याविना उभी आहेत. तरी कुलपामागची धास्ती नाकारता येत नाही.

आजचा कायदा मालकाला वाटतो तितका त्याच्या विरोधात नाही, हेही सांगायला हवं. नोंदलेल्या लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क मागू शकतो. इथे भाडेकरूला ‘मी भाडेकरू आहे’ असं म्हणताच येत नाही. करार हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. हे नीट समजावून सांगणारा दलाल विरळाच, कारण दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी दलाली हे त्याच्या सोयीचं असतं. राहायला येणाऱ्याकडून एक महिन्याचं भाडं आणि मालकाकडून एक महिन्याचं, असा रिवाज. नूतनीकरणाला पुन्हा काही ना काही. महारेराने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली खरी, पण ती नव्या प्रकल्पांच्या विक्रीसाठी. भाड्याच्या घरांची दलाली करायला अजून फक्त एक मोबाइल आणि वॉचमनशी ओळख पुरते.

नोंदणीचं काम मात्र खरंच सोपं झालं आहे आणि सरकारला त्याचं श्रेय द्यायला हवं. पूर्वी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अर्धा दिवस जायचा. आता एजंट संध्याकाळी घरी येतो, डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडतो, अंगठ्याचं यंत्र वायरने जोडतो, प्रत्येकाला कॅमेऱ्याकडे बघायला लावतो आणि आजीचा अंगठा उमटत नाही म्हणून तिला चार वेळा हात पुसायला सांगतो. वीस मिनिटांत करार नोंदणीच्या वाटेला. भाडं तीस हजार, अनामत एक लाख, मुदत अकरा महिने, असं धरलं तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का, म्हणजे साडेआठशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंटची फी वेगळी. हा खर्च कोण करणार यावरून मात्र अजूनही तासभर घासाघीस चालते. आणि मग पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती कळवणं राहून जातं, जे पोलिसांच्या मनाई आदेशाखाली बंधनकारक असतं आणि न केल्यास गुन्हा मालकावर दाखल होतो.

या व्यवस्थेत खरा उघडा पडला आहे तो अकरा महिन्यांवर राहणारा माणूस. ज्या कायद्याच्या नावात भाडे नियंत्रण आहे त्याने त्याचं भाडं नियंत्रित केलेलं नाही. दरवर्षी पाच ते दहा टक्के वाढ ही करारातच लिहिलेली असते, आणि शेजारच्या इमारतीत कुणी जास्त दिले की तीही पुरत नाही. मुलाची शाळा जूनमध्ये सुरू होते आणि करार फेब्रुवारीत संपतो. त्या चार महिन्यांचा प्रश्न कोणत्याच कलमात बसत नाही. घर सोडताना अनामतीतून रंगाचे पैसे, नळाचे पैसे, भिंतीला पाडलेल्या भोकांचे पैसे कापले जातात. तक्रार करायची तर रक्कम इतकी लहान की वकिलाची फीच जास्त व्हावी, आणि इतकी मोठी की सोडवत नाही.

‘हेवी डिपॉझिट’वर घर घेणाऱ्याची जोखीम याहून वेगळी आणि मोठी. मालकाला एकरकमी दहा-पंधरा लाख द्यायचे, भाडं नाममात्र किंवा शून्य, आणि निघताना पूर्ण रक्कम परत. ज्याच्याकडे थोडी पुंजी आहे आणि महिन्याची आवक बेभरवशाची, त्याला हे सोयीचं वाटतं. पण मालकाने तेच घर बँकेकडे गहाण ठेवलेलं असेल आणि त्याचे हप्ते थकले, तर बँक सरफेसी कायद्याखाली ताबा घ्यायला येते. अशा वेळी भाडेकरूला घर तर सोडावं लागतंच, वर अनामतीसाठी कर्जबाजारी झालेल्या माणसाच्या मागे धावावं लागतं. अशी अनामत देण्याआधी घरावर बोजा आहे का हे पाहणं अवघड नाही. आपल्याकडे ते विचारणं उद्धटपणाचं मानलं जातं एवढंच.

केंद्राने २०२१ च्या जूनमध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त अनामत नको, भाड्याच्या वादासाठी स्वतंत्र प्राधिकरण आणि न्यायालय, मुदत संपल्यावर न निघणाऱ्याला आधी दुप्पट आणि पुढे चौपट भाडं. घरांचा विषय राज्यांचा, त्यामुळे तो राज्याने स्वीकारला तरच लागू. मला तो मसुदा वाजवी वाटतो. पण मुंबईत मतं चाळीत आहेत. अकरा महिन्यांवर राहणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा आधीच्या पत्त्यावरच्या मतदारयादीत असतं, मग त्याच्यासाठी कोण भांडणार?

घर नाकारलं जाण्याची कारणं तर ओळखीचीच. बॅचलर नको, मुस्लिम नको, मांसाहारी नको, वकील आणि पत्रकारही नको, कारण ते ‘भांडतात’. सोसायटीच्या फलकावर हे क्वचित लिहिलेलं असतं. दलाल फोनवरच सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी स्त्रीला कार्यालयासाठी जागा नाकारताना ‘महाराष्ट्रीयन लोकांना देत नाही’ असं ऐकवलं गेलं, त्याची चित्रफीत फिरली आणि मोठा गदारोळ झाला. राग रास्त होता. पण तोच राग मोहम्मद अली रोडवरच्या तरुणाला वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत फिरवलं जातं तेव्हा आपल्याला का येत नाही, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवण्याची मुभा संस्थेला दिली. खासगी मालकाला तर तेवढंही कारण द्यावं लागत नाही.

मालकाच्या बाजूचा हिशेब आता मांडतो. उपनगरात दीड कोटीचा फ्लॅट आहे. भाडं मिळतं पस्तीस ते चाळीस हजार. वर्षाला पाच लाखांच्या आत, म्हणजे किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि स्वतः न राहिल्याचं बिनभोगवटा शुल्क जातं. हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही असा २००१ चा सरकारी आदेश आहे, तरी ‘आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव झालाय’ म्हणून दामदुप्पट घेणाऱ्या कमिट्या आहेत. मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळून मग प्राप्तिकर. बँकेत पैसे ठेवून गप्प बसला असता तर जास्त मिळाले असते. याच फ्लॅटसाठी एक कोटी वीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता एक लाख चार हजार. भाड्याच्या जवळपास तिप्पट! म्हणून ‘भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरा’ हा काकांचा सल्ला मुंबईत तरी गणितात बसत नाही. लोक घर घेतात ते दर अकरा महिन्यांनी सामान बांधावं लागू नये म्हणून. म्हणजे भाड्याची व्यवस्था बिघडलेली असण्याची किंमत विकतच्या घराच्या दरात मिसळलेली आहे.

पुण्याचं चित्र थोडं निराळं. पेठांमधल्या वाड्यांचे भाडेकरू-मालक वाद मुंबईच्या चाळींसारखेच, फक्त वाद घालण्याची भाषा जास्त शुद्ध. हिंजवडी-खराडीकडे मात्र मालक तरुण आहे, कर्जाने दुसरा फ्लॅट घेतलेला आहे आणि भाडं थांबलं तर त्याचाही हप्ता चुकतो.

घर विकणाऱ्याबद्दल मराठी माणसाला फारशी सहानुभूती नसते. ‘करोड आले की त्याला!’ पण विकणं हा घेण्याहून किचकट व्यवहार झाला आहे. पहिला अडथळा कागदांचा. १९८२ मध्ये मूळ मालकाने बिल्डरकडून घेतलं, त्याने दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याकडून आपण घेतलं. या साखळीतला प्रत्येक मूळ करार आणि त्याची नोंदणी पावती गिऱ्हाईकाच्या बँकेला हवी. मधला एक करार साध्या स्टॅम्पपेपरवर झालेला असतो, आणि गाडी तिथेच अडते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ पासून असून सोसायटीने अर्जच केलेला नाही, हे सगळं विक्रेत्याला गिऱ्हाईक दारात आल्यावर कळतं. नवी मुंबईत जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची, म्हणून हस्तांतरण शुल्क. कलेक्टरच्या जमिनीवरच्या सोसायटीत परवानगी वेगळी. सोसायटीचा ना-हरकत दाखला आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला आवश्यक नाही, पण बँक मागते, म्हणून सेक्रेटरीचं महत्त्व टिकून आहे. हस्तांतरणाचा प्रीमियम पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’ या नावाखाली किती घेतात ते विक्रेते खासगीत सांगतात.

दुसरा अडथळा वारसांचा. वडील गेले, नामनिर्देशनपत्रात मोठ्या मुलाचं नाव, सोसायटीने भागपत्र त्याच्या नावावर केलं आणि घर आपलं झालं अशी त्याची समजूत झाली. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने सांभाळणारी असते, मालक नव्हे. सोसायटी त्याला सभासद करून घेते ती तात्पुरती. हक्क ठरतो वारसा कायद्याने. बहिणींची हक्कसोडपत्रं नसतील तर जाणकार गिऱ्हाईक टोकन देत नाही. नात्यातल्या जुन्या कुरबुरी या वेळी वर येतात. जिने आईला शेवटची सहा वर्षं सांभाळलं ती सही करताना थांबते, आणि तिचं थांबणं मला तरी गैर वाटत नाही.

तिसरा कराचा. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता साडेबारा टक्के कर लागतो. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयाला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून वीस टक्के, हिशेब करण्याची मुभा ठेवली आहे. २००४-०५ मध्ये वीस लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये एक कोटी वीस लाखांना विकलं, तर जुन्या रीतीने खरेदीची किंमत सुमारे साडेसहासष्ट लाख धरली जाते आणि कर येतो दहा लाख सत्तर हजारांच्या आसपास. नव्या रीतीने साडेबारा लाख. दोन्ही आकडे अधिभार सोडून. दुसरं घर घेतलं तर सूट आहेच. पण रेडी रेकनरच्या दरापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी किमतीला विकावं लागलं, तर न मिळालेल्या पैशांवरही कर बसतो. जुन्या, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला आणि समोरच्या नव्या टॉवरला रेकनर बऱ्याचदा एकाच विभागात घालतो. घसाऱ्याची वजावट मिळते, तरी प्रत्यक्ष बाजार त्याहून निर्दयी असतो.

ठाण्यात किंवा डोंबिवलीत आईवडिलांचं घर आणि स्वतः न्यू जर्सीत, अशा मराठी घरांची संख्या आता थोडी नाही. त्यांना निर्देशांकाची ती मुभा नाही. निवासी विक्रेत्याकडून पन्नास लाख व त्यावरच्या व्यवहारात गिऱ्हाईक एक टक्का कापतं. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत कपात भांडवली नफ्याच्या दराने, आणि प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी आणला नाही तर गिऱ्हाईकाचा सीए ती पूर्ण किमतीवर करायला लावतो. परतावा पुढच्या वर्षी. कुलमुखत्यारपत्र तिथे साक्षांकित करून इथे आल्यावर तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावावा लागतो. सुट्टीच्या तीन आठवड्यांत हे सगळं उरकू म्हणून आलेला माणूस किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवून परत जातो, आणि रिकाम्या घरांच्या यादीत आणखी एकाची भर पडते.

गेल्या काही वर्षांत मालक, भाडेकरू आणि विक्रेता या तिन्ही भूमिका एकाच कुटुंबाच्या वाट्याला येऊ लागल्या आहेत, त्या पुनर्विकासामुळे. पार्ले, चेंबूर, गोरेगाव, मुलुंड इथल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या एकामागून एक रिकाम्या होत आहेत. साठी उलटलेलं जोडपं आयुष्यात पहिल्यांदा दलालाला फोन करतं. त्याच परिसरात त्याच वेळी तीन सोसायट्या रिकाम्या झालेल्या, त्यामुळे भाडी चढलेली. बिल्डर देतो ते महिन्याचं भाडं दुसऱ्या वर्षी अपुरं पडतं. तीस वर्षं भाडेकरूंविषयी सभेत तावातावाने बोललेल्या गृहस्थांना आता ‘सीनियर सिटिझन चालतील, पण कुत्रा नको’ असं ऐकावं लागतं. ज्यांना हे झेपत नाही ते इमारत पडायच्या आत घर विकायला काढतात, आणि गिऱ्हाईक नव्या क्षेत्रफळाचा हिशेब करून जुन्या घराचा भाव पाडतं.

या सगळ्यात बिल्डरचं भाडं थांबलं तर काय होतं याचं उत्तर गोरेगावच्या सिद्धार्थनगरने, म्हणजे पत्रा चाळीने, दिलेलं आहे. २००८ मध्ये करार झाला. सत्तेचाळीस एकरांच्या त्या जागेवरची ६७२ कुटुंबं घरं सोडून भाड्याने गेली, मग भाडं थांबलं, काम थांबलं, प्रकरण तपास यंत्रणांकडे गेलं, आणि शेवटी राज्य सरकारला म्हाडामार्फत ते पुढे न्यावं लागलं. दीड दशक ही माणसं स्वतःच्या घराची वाट पाहत दुसऱ्यांच्या घरात अकरा-अकरा महिने राहिली. त्याउलट वरळीच्या बीडीडी चाळीत, जिथे विकासक म्हाडाच आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पाचशे चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. खासगी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी सरकारचे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचे निर्देश २००९ पासून आहेत आणि २०१९ मध्ये ते सुधारले गेले: प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक हमी, नोंदलेला करार, दोन, फार तर तीन वर्षांत काम पुरं. कमिटीच्या बैठकीत चर्चा बहुतेक वेळ वाढीव चौरस फुटांची आणि कॉर्पसची चालते. बँक हमीचा कागद कुणी पाहिला का, असं विचारणाऱ्याला विरोधी गटाचा माणूस समजतात.